खोप जरा वर बांधा

कडब्याच्या गंजीवरचं जाळं यंदा कुणी काढलं नव्हतं. मासेमारीचं, नायलॉनचं, एकेकाळी हिरवं असलेलं ते जाळं उन्हानं आता राखेच्या रंगाचं झालंय. कडेला ओवलेले तरंगायचे गोळे उंदरांनी कुरतडलेत. आमचं रान लातूरकडच्या मुरुडजवळ. तिथून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. अशा रानात वाऱ्यानं कडबा उडू नये म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे जाळं गंजीवर टाकलं तेव्हा बांधावरून जाणारं प्रत्येक माणूस थांबून बघत असे.

"अण्णा, कडबा गळाला लागला का?"

"लागंल की. आधी पान्यात तर टाकू द्या," अण्णा म्हणायचे.

मी जाळ्याला नाक लावून पाहिलं. माशांचा वास कधीच गेला होता. धूळ, कडबा आणि थोडासा उंदरांचा वास होता. तरीही त्या गाठींवरून बोट फिरलं आणि कुठूनशी खारी, ओलसर हवा आल्यासारखं वाटलं. तसं व्हायला काही कारण नव्हतं. डिसेंबरातलं कोरडं ऊन होतं, समोर ज्वारी पोटऱ्यात आलेली, आणि शेजारच्या विहिरीवर इंजिन टुकटुक करत होतं.

त्या इंजिनाचं मला नेहमी असंच होतं. कोकणातल्या बंदरावरच्या होड्यांची इंजिनं अगदी तशीच वाजायची. लहानपणी गावी परतल्यावर कितीतरी पहाटे मी त्या आवाजानं जागी होई आणि क्षणभर वाटे, होड्या निघाल्या.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दरवर्षी येळवशीला लोहा, अहमदपूर, चाकूर करत बसनं लातूरला येते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडची शहरंसुद्धा ओस पडतात, जो तो रानात असतो. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिला लुगडं नाहीतर शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे. समोर पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि मडक्यात ताकाची आंबलेली आंबील. दुपारी पूजा झाली की घरातल्या कर्त्यानं आंबील घेऊन पिकाभोवती फिरायचं, शिंपडत, हाका देत. मग पोट दुखेस्तोवर जेवायचं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यानंतर माय रानात आलेली नाही. लातूरला माझ्या धाकट्या भावाच्या, नंदूच्या घरी आतल्या खोलीत बसून असते. कुणी भेटायला आलं तर बोलते, जेवायला हाक मारली तर उठते. रानाचं नाव काढलं की मात्र तिचा चेहरा भिंतीकडे वळतो. दुखवट्याच्या वर्षात सण करू नये, हे तिचं पहिलं म्हणणं. त्यावर आमचे तात्या, अण्णांचे धाकटे भाऊ, घरी येऊन बोलून गेले होते.

"वैनी, ज्वारी पोटऱ्यात हाय. तिला काय ठाव कोण गेलं ते? तिला आंबील द्यायची का न्हाई?"

"द्या की. म्या कुठं नको म्हनते," माय म्हणाली. "म्या येनार न्हाई, एवढंच."

नंदूनं मला स्टँडवरून थेट रानात आणलं होतं, खोपीची जागा साफ करायला. कुदळ मारता मारता तो म्हणाला, "ताई, तू बघ बोलून. यंदा नाही आली ना, तर ती परत कधीच येणार नाही बघ." मलाही तसंच वाटत होतं. दुःखात एखादी जागा एकदा नाकारली की ती कायमची जाते, हे मी इतर घरांतून पाहिलंय. पण मी बोलण्यात हुशार नाही. मी पुस्तकांत राहणारी बाई. मी नुसती जाळ्यावर हात ठेवून उभी राहिले.

अण्णा बँकेत होते. त्यांची बदली कोकणात का झाली, ती त्यांनी मागितली की दिली, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. मी शाळेत जाण्याच्या वयाची होते, नंदू अजून चड्डीची नाडी बांधून घ्यायचा. एवढंच आठवतं की एका सकाळी एसटीच्या खिडकीतून उतारावर एकदम एक निळी भिंत दिसली. नंदूनं विचारलं, "हे काय हाय?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. तेही पहिल्यांदाच बघत होते.

त्या गावाला नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलंच नाही. आम्ही 'बंदर' म्हणायचो. अजूनही तसंच म्हणतो.

रविवार म्हणजे बंदर. सकाळीच माय धपाटे थापायला घ्यायची. खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा आवाज त्या लाल मातीच्या, आंब्या-फणसाच्या आळीत असा काही वेगळा वाजायचा की शेजारणी कान देत. पितळी डबा, पाण्याची सुराई, एक जुनी सतरंजी. अण्णा पायजमा दुमडून पुढे, मधे आम्ही, मागे डोक्यावरून पदर घेतलेली माय. उतारावरून खाली जाताना आधी सुक्या मासळीचा वास येई, मग डांबराचा, मग डिझेलचा, आणि सगळ्यात शेवटी, वळण संपल्यावर, पाण्याचा.

माय पहिले कित्येक महिने नाकाला पदर लावूनच धक्क्यावर बसली. आमच्या घरात मासळी कधी आलीच नव्हती. टोपल्यांतून चांदीसारखं काही ओतलं जायचं, बायका कमरेला हात देऊन ओरडायच्या, बर्फ फोडणारा माणूस लाकडी मोगरीनं दणादण लादी फोडायचा आणि बर्फाचे तुकडे आमच्या पायांपर्यंत घरंगळत यायचे. नंदू ते उचलून चोखायचा. "खारट लागतंय!" म्हणून तोंड वाकडं करायचा आणि पुढचा उचलायचा. मला होड्यांची नावं वाचायचा नाद लागला. वाचायला काही मिळालं की मी गप्प बसत असे. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांनी काढलेली ती अक्षरं लाटेबरोबर वरखाली व्हायची. वाचनाची गोडी मला पुस्तकांच्याही आधी तिथं लागली, असं मला आता वाटतं.

दुपारी तरीतून खाडीपलीकडे. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी. तीत बसताना माय डोळे मिटून घ्यायची आणि अण्णांचा सदरा मुठीत धरायची. पलीकडे टेकडीवर दीपगृह होतं. त्याच्या पायथ्याशी बसून आम्ही धपाटे खायचो. अण्णा पाण्याकडे बघत बसायचे. घरी ज्याचे हात कधी थांबत नसत असा हा माणूस समुद्रापुढं नुसता बसू शकत होता, याचं मला तेव्हाही नवल वाटे. एकदा माय म्हणाली, "काय बघून राहिलेत एवढं?" ते म्हणाले, "ह्याला कुनी बांध घातला न्हाई बघ. भावाभावात भांडनच न्हाई."

संध्याकाळी परत येताना नंदू अण्णांच्या खांद्यावर झोपलेला असे. त्याच्या केसांत वाळू, अण्णांच्या सदऱ्याला मिठाचे पांढरे डाग. घरी आल्यावर माय सतरंजी झटकायची आणि अंगणात थोडी वाळू पडायची. आम्ही ते गाव सोडलं तेव्हा त्या अंगणाच्या कोपऱ्यात अशा रविवारांचा एक छोटा ढीग साठला होता.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि नंदूची मुलगी ओवी स्वयंपाकघरात भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. भावजय चुलीऐवजी गॅसवरच आंबिलीचं पातेलं ठेवून ढवळत होती. ओवी तिसरीत आहे. तिचे प्रश्न शेंगांपेक्षा वेगानं निघतात.

"आत्या, आजोबांची खोप समुद्रानं नेली, ते खरंय का? पप्पा म्हणतात खरंय. मम्मी म्हणती पप्पा फेकतात."

"खरंय," मी म्हणाले. "बंदरावरची आमची पहिली येळवस होती. रजा मिळाली नाही, गावी जाता येईना. आजोबा म्हणाले, रान नाही तर नाही, वाळूत करू. कडबा कुठला मिळायला? माडाच्या झावळ्यांची खोप केली. सकाळी लवकर गेलो तर समुद्र कुठल्या कुठे मागे गेलेला, आणि ही एवढी मोकळी वाळू! आजोबा खूश. म्हणाले, रान बघा कसं सपाट हाय."

"मग?"

"मग वरून पारूमावशी ओरडली. ती मासळी वाळत घालायची, आमच्या घराच्या खालच्या अंगाला राहायची. म्हणाली, 'ओ बँकवाले! हंय खंय मांडतास? आज अवस आसा, वायच वर सरा!' आजोबा म्हणाले, 'पानी लई लांब हाय, मावशी!' ती हसली. म्हणाली, 'बरां, बघा मगे.'"

आज अमावस्या, जरा वर सरका, असं ती म्हणत होती; का, ते ओवीला कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. अमावस्येला उधाणाची भरती येते, सकाळी जितकं मागे जातं तितकंच पाणी दुपारी वर चढतं, हे त्या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. ते ज्या मुलखातून आले होते तिथं पाण्याकडे माणसानं जायचं असतं. घागर घेऊन, बैल घेऊन, कोस तुडवत जायचं. पाणी आपल्या पायांनी माणसाच्या दारात येतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

"दुपारी पूजा झाली," मी सांगत होते. "आजोबांनी लाल शाल पांघरलेल्या खोपीभोवती आंबील शिंपडायला सुरुवात केली, आणि..."

"शाल न्हाई."

आतल्या खोलीतून आवाज आला. भावजयीचा हात पातेल्यात थांबला.

"शाल न्हाई. लुगडं व्हतं माजं. हिरवं."

मी सावकाश म्हणाले, "हां. हिरवं लुगडं. तर पाणी आलं. आधी नुसता फेस आला, मायच्या पायाशी. ती म्हणाली, 'अवो, पानी.' आजोबा म्हणाले, 'येऊ दे, जाईल माघारी.' ते गेलं माघारी, जाताना एक पांडव घेऊन गेलं. मग दुसरी लाट आली. नंदूचे उंडे तरंगायला लागले, तो त्यांच्यामागे रडत पळाला. पारूमावशीनं धावत येऊन त्याला काखेत उचललं. आणि खोप तर अख्खीच्या अख्खी उभी तरंगत निघाली, नवरी निघाल्यासारखी. मी मायकडे बघितलं, तर माय हसत होती. बंदरावर आल्यापासून पहिल्यांदा अशी मोठ्यानं..."

"हसत नव्हते गं."

माय दाराच्या चौकटीत उभी होती. अण्णा गेल्यापासून मी तिला अशी कुणी न बोलावता उठून आलेली पाहिली नव्हती. ओवीनं शेंगा मांडीवरून खाली ठेवल्या.

"तुला तसं दिसलं आसंल. तू ल्हान व्हतीस," माय म्हणाली. "ते लुगडं माज्या मायनं दिलं व्हतं, येळवशीला. नवंकोरं. म्या वराडले, माजं लुगडं! तर हे गेले की पान्यात. कमरंएवढ्या पान्यात गेले. ह्यांना कुठं पोहता येतंय? आपल्याकडं हिरीत उतरायचं तरी दोर बांधून उतरनारा मानूस. म्या वराडून राहिले, नको मला लुगडं, माघारी या. लाटेचा आवाज. ऐकूच जाईना. एक लाट डोक्यावरून गेली, अन् दिसंनाच मानूस. खोप दिसू राहिली, हे दिसंनात."

दाराची चौकट तिनं हातानं धरली होती.

"तवाच मला वाटलं, गेले."

पातेल्यात आंबिलीचा एक बुडबुडा फुटला.

"मग?" ओवीनं अगदी हळू विचारलं.

"मग काय? आले माघारी. नाकातोंडात पानी, हातात लुगड्याचा पदर, अन् हासून राहिलेत! मला म्हनतात, 'घे, धुऊन दिलं तुझं लुगडं.'" मायच्या तोंडावर हसू होतं की दुसरं काही ते मला सांगता येणार नाही. "लई बोलले त्यांना. तिथंच, सगळ्या बंदरासमोर. चार दिस धड बोलले न्हाई मग. पन आले व्हते माघारी." ती क्षणभर आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. "त्या वक्ताला आले."

मग ती पुढं आली, वाकून पातेल्यात बघितलं, पळीनं थोडी आंबील हातावर घेऊन चाखली.

"लसून कुनी घातला ह्यात? वासबी न्हाई. आन इकडं."

इतके दिवस भिंतीला टेकून असलेली माय आता पाटावर बसून लसूण सोलत होती, आणि ओवी तिला पुढची गोष्ट विचारत होती. पुढची गोष्ट मलाही ठाऊक होती, पण मी ती मायच्याच तोंडून ऐकली. पारूमावशीनं सगळ्यांना तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कसं नेलं. वाचलेली भज्जी आणि मडक्यातली उरलेली आंबील तिच्या पोरांनी कशी संपवली. आंबील चाखून ती कशी म्हणाली, "अगो, ही तर आमच्या सोलकढीची भैण!" जाळी विणत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं अण्णांना विचारलं होतं, हे शिंपडायचं कशावर असतं? अण्णा म्हणाले, पिकावर. तो म्हणाला, मग आमचा पीक त्या होड्यांतून येता. तेव्हा ओल्या कपड्यांनिशी अण्णा धक्क्यावर गेले आणि हाका देत एकेका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्यांनी आंबील शिंपडली. त्यांच्यामागे बंदरावरची सगळी पोरं तशाच हाका देत चालली होती. पुढच्या दोन्ही येळवशी तिथंच झाल्या, सुरूच्या झाडांखाली, पाण्यापासून दूर. आणि आम्ही निघालो तेव्हा पारूमावशीनं जुनं जाळं बांधून दिलं, "रानात काय धरूचा आसात तां धरा" म्हणून.

मायनं त्या दिवसापासून नाकाला पदर लावणं सोडलं होतं. हेही मला नव्यानंच कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की तिला त्या वासाची सवय झाली.

गावी परतल्यावर अण्णांनी एक गंमत धरून ठेवली होती. ज्वारीच्या, करडईच्या मधे, जिथं ओढ्यालासुद्धा जेमतेम पाणी, तिथं नंदू खोप बांधायला लागला की ते कमरेवर हात ठेवून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "जरा वर सरकून बांधा. आज आवस हाय." आम्ही हसायचो. तात्या कपाळावर हात मारायचे. मग नंदू खरोखरच वीतभर तरी वर सरकवायचा, त्याशिवाय अण्णा पूजेला बसत नसत. दरवर्षी. कधी ते शहरातल्या दवाखान्यातून घरी आलेले होते, कधी पाऊस झाला नव्हता, पण ते वाक्य चुकलं नाही.

येळवशीच्या सकाळी माय सगळ्यांच्या आधी आवरून बसली होती. ओवीनं "आजी, तू येणार?" विचारलं, तर म्हणाली, "लसून म्या घातलाय. कुनी सांडली तर?" आणि आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. रस्ताभर ती बाहेर बघत होती. माणसं टोपल्या घेऊन रानाकडे निघाली होती, बायकांच्या डोक्यावर फडक्यानं बांधलेली गाठोडी होती. रान दिसायला लागलं तशी तिनं मडक्यावरची पकड घट्ट केली. तरीत बसताना अण्णांचा सदरा धरायची तशी.

उतरल्यावर ती गंजीपाशी थांबली. जाळ्याकडे बघितलं. हात लावला नाही.

नंदूनं पेंढ्या आणल्या. परवा साफ केलेल्या जागेवर, बांधाच्या खालच्या सखल पट्टीत, त्यानं त्या गोल उभ्या केल्या, वर एकत्र बांधल्या. तात्यांनी पांडव मांडायला काढले. मी शाल उलगडून उभी होते. नंदूनं शेवटची गाठ मारली आणि मग त्याचे हात नुसतेच दोरीवर राहिले. त्यानं वर बघितलं नाही. तात्या चुन्याची वाटी उगाच ढवळत राहिले. आम्ही तिघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि ती येणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. ते वाक्य मी म्हणू शकले असते. नंदूही म्हणू शकला असता. पण ते आमच्या तोंडून आलं असतं तर ती फक्त आठवण झाली असती.

विहिरीवरचं इंजिन टुकटुक करत होतं.

"नंद्या."

मायनं मडकं खाली ठेवलं होतं. कमरेवर हात ठेवून ती उभी होती.

"जरा वर सरकून बांध. आज आवस हाय."

नंदूनं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला, अगदी दरवर्षीसारखा, आणि मग तोच हात डोळ्यांवरून फिरवला.

"आजी, इथं कुठंय समुद्र?" ओवी म्हणाली.

"नसंना का. तू पांडव घे वटीत. चल, सरक."

सोडून पुन्हा बांधण्यापेक्षा आम्ही ती खोप उभीच उचलली. एका बाजूनं नंदू, एका बाजूनं तात्या, मागून मी आणि भावजय. पेंढ्यांची पानं गालाला घासत होती, पाय ढेकळांत अडखळत होते, आणि पुढं ओवी फ्रॉकच्या घोळात पांडव घेऊन "इथं? इथं?" विचारत मागे मागे चालत होती. "अजून वर," माय म्हणत होती. "अजून. हां, तिथं." बांधाच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या सावलीत खोप टेकवली. मायनं माझ्या हातातली शाल बाजूला ठेवली आणि पिशवीतून एक घडी काढली. हिरवं लुगडं होतं. काठाजवळ खाऱ्या पाण्याचा एक पांढुरका डाग अजून दिसत होता.

पूजा झाली. आंबिलीचं मडकं दरवर्षी अण्णा उचलायचे. यंदा मायनं ते उचलून कमरेवर घेतलं आणि ती ज्वारीत शिरली, शिंपडत, हाका देत. पहिली हाक बारीक निघाली, दुसरी तिच्याहून मोठी. ओवी तिच्या मागे धावली. ज्वारीच्या ताटांमधून दोघींची फक्त डोकी दिसत होती, आणि मग नुसत्या हाका ऐकू येऊ लागल्या. शेजारच्या रानातूनही कुणीतरी तशाच हाका देत होतं.

जेवताना ओवीनं विचारलं, आपण बंदरावर कधी जायचं? नंदू म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. माय म्हणाली, "बघू काय? पारू आसंल का नसंल. जायचं तर लौकर जाऊ."

खाली, खोपीची मूळ जागा तशीच मोकळी पडली होती, साफ केलेली, सपाट. तिथं पाणी आलं नाही. पण उन्हं कलेपर्यंत, जेवता जेवता, बोलता बोलता, आम्ही सगळे मधूनच तिकडं बघत होतो.